अकोल्याहून आलेलं रक्त

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी एका धडधाकट हमालाला स्वादुपिंडाचा आजार लावून दिला होता.

अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी तेव्हा रक्त-लघवी तपासायच्या कामावर होते. साल एकसष्ट-बासष्ट असेल, माझं वय बावीस. नागपूरला वर्षभराचं शिक्षण घेऊन आले होते आणि आमच्या सगळ्या भावकीत पगाराची नोकरी करणारी मी पहिली मुलगी. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत होते. आई अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. मी अमरावतीला निघाले त्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती, "लोकाच्या रक्ताले हात लावून राहिली, तं नीट लाव माय."

आणि मी तो नीट लावला नव्हता.

पोटात एकाएकी जीवघेणी कळ आली, उलट्या सुरू झाल्या, दुखणं पाठीपर्यंत गेलं, की स्वादुपिंड सुजलंय का हे रक्तावरून पाहायची एक परीक्षा होती. आपण भाकरीचा घास खूप वेळ चावला तर तो गोड लागायला लागतो. लाळेतला एक पदार्थ पिठाला फोडतो म्हणून. तसाच पदार्थ स्वादुपिंडातही तयार होतो, आणि ते सुजलं की तो रक्तात उतरतो. आम्ही त्याला डायस्टेज म्हणायचो, नंतर अमायलेज म्हणायला लागलो. परीक्षा साधी होती. दहा काचेच्या नळ्या ओळीने लावायच्या. पहिल्या नळीत रोग्याच्या रक्ताचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम. पुढच्या प्रत्येक नळीत आधीच्या निम्मं. सगळ्यांत कपड्यांना घालतो तशा खळीचं पातळ पाणी घालायचं आणि अर्धा तास अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवायचं. मग प्रत्येकीत आयोडीनचा थेंब. खळ शिल्लक असेल तिथे गर्द निळा रंग येतो. त्या पदार्थानं ती खाऊन टाकली असेल तिथे येत नाही. निरोगी माणसाच्या ओळीत दुसऱ्या-तिसऱ्या नळीपासून निळं दिसायला लागतं. आजार असेल तर ओळ लांबपर्यंत कोरीच राहते.

त्या हमालाच्या ओळीत मला एकही निळी नळी दिसली नाही. मी धावत जाऊन डॉक्टरांना कागद दिला. त्यांनी तो वाचला, चष्म्यावरून खिडकीबाहेर पाहिलं. हमाल व्हरांड्यात बसून भजी खात होता.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "सीरम तोंडाने ओढलंत ना? नळीच्या तोंडाशी कापूस होता?"

नव्हता. त्या काळी आम्ही सगळंच काचेच्या बारीक नळीने तोंडाने ओढून मोजायचो. माझी लाळ उतरली होती. मी जे मोजलं होतं ते माझ्या तोंडातलं होतं.

ते रागावले नाहीत. तसे ते अबोल गृहस्थ होते, पन्नाशीचे, हात सतत साबणाने धुतल्यामुळे पांढरे पडलेले. म्हणाले, "आता ही चूक तुमच्या हातून पुन्हा व्हायची नाही." झालीही नाही. त्या दिवसापासून मी कापूस घातल्याशिवाय नळी तोंडाला लावली नाही, नळ्या मांडल्यावर त्यांच्यावर तोंड आणून कोणाशी बोलले नाही, आणि प्रत्येक परीक्षेच्या वेळी शेजारी दुसरी एक ओळ लावायला लागले, निरोगी माणसाच्या रक्ताची. निरोगी माणूस दर वेळी कुठून आणणार? मग माझंच रक्त काढायचे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात अकोल्याहून एक वकील आपल्या बायकोला घेऊन आले. बाई अठ्ठावीस-तीसची, दोन लेकरांची आई, वर्णाने गोरी पण चेहरा ओढलेला. घराणं भिक्षुकांचं. सासरे अजून पूजा सांगायचे, मुलगा वकील झालेला. वर्षभरात तिला चार वेळा पोटात कळ आली होती. वकिलांनी सगळं नीट सांगितलं, जणू दुसऱ्याची केस मांडत होते. ती मान खाली घालून बसली होती. मी रक्त काढताना तिने हात पुढे केला आणि हळूच विचारलं, "यात दिसेल का?"

"काय?"

"दुखते ते."

मी म्हटलं, "दिसायला पाहिजे."

दिसलं नाही. तिसऱ्या नळीपासून निळं, अगदी माझ्या ओळीसारखं. लघवीही तशीच. मी 'नॉर्मल' लिहिलं. वकिलांनी कागद वाचला, घडी घातली आणि बायकोकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मी विसरले नाही. घरात आधीच कोणीतरी म्हणत असणार, की ही कामाच्या वेळेलाच आजारी पडते. आता त्याला माझ्या सहीचा कागद मिळाला.

पावसाळ्यात ती पुन्हा आली. पुन्हा तेच. या वेळी ती आधीपेक्षा बारीक झाली होती आणि काही विचारतही नव्हती. मीच विचारलं, "आत्ता दुखतंय का, ताई?"

"आता कुठं? आता थांबलं. दुखत असताना मला हलताच येत नाही. एस.टी.त बसणार कशी? जरा बरं वाटलं की मग आणतात."

"या वेळी दुखायला कधी लागलं?"

तिने बोटांवर मोजलं. "सोमवारी सकाळी. मागच्या वेळीही असेच चार-पाच दिवस गेले होते."

तो शुक्रवार होता.

नागपूरला शिकताना एक वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. हा पदार्थ रक्तात काही तासांत चढतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. मी त्याचा अर्थच कधी लावला नव्हता. रक्त आलं की तपासायचं, एवढंच मला माहीत. ते रक्त कितव्या दिवसाचं, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसायचं.

मी डॉक्टरांकडे गेले. भीती वाटत होती, कारण त्यांना शिकवल्यासारखं झालं असतं. म्हटलं, "सर, या बाई दोन्ही वेळेला चौथ्या-पाचव्या दिवशी आल्यात."

त्यांनी हातातलं काम थांबवलं. मग म्हणाले, "हे मी विचारायला हवं होतं." आणि थोड्या वेळाने, "पण कळ आली असताना तिला अकोल्याहून इथं आणणार कसं? रस्त्यातच जीव जायचा."

"तिला कशाला आणायचं?" मी म्हटलं. "रक्त आणू. सीरम वेगळं करून बाटलीत घातलं तर दोन दिवस तरी खराब होत नाही. मी माझं ठेवून पाहिलंय."

हे खरं होतं. त्या हमालाच्या प्रकरणानंतर मी नाना गोष्टी करून पाहत होते.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे वकिलांच्या अकोल्यातल्या घरच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. पुढची कळ आली की थांबायचं नाही, लगेच रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, वरचं पिवळं पाणी उकळलेल्या बाटलीत काढायचं आणि पहिल्या गाडीने आमच्याकडे पाठवायचं. वकिलांनी पत्र खिशात ठेवलं. त्यांचा विश्वास बसला होता असं मला वाटलं नाही. तिने मात्र जाताना दारातून वळून माझ्याकडे पाहिलं.

महालक्ष्म्यांचा सण आला. आमच्याकडे वऱ्हाडात तो फार मोठा. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या आणि वर तुपाची धार. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला मी सूक्ष्मदर्शकावर बसले होते, तर दारात एक म्हातारी उभी. म्हातारी म्हणायची, पण पंचावन्नच्या पुढे नसेल. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, काखेत फिरकीचा तांब्या, आणि एक हात पोटाशी घट्ट धरलेला.

"रक्त तपासणारी बाई तूच का?"

"हो. या ना, आई."

"अकोल्याहून आली मी. वकिलाची आई." तिने ओटीत बांधलेली गाठ सोडली. आत कापसात गुंडाळलेली लहानशी बाटली होती. "काल जेवणं झाली आणि दिवेलागणीला सुनेला कळ आली. आज उजाडता उजाडता डॉक्टरनं रक्त घेतलं. मुलगा नागपूरला हायकोर्टात. यांच्यानं प्रवास होत नाही. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मन होईना. अशीच धरून आणली, मूर्तिजापूरच्या खड्ड्यांतही खाली ठेवली नाही."

बाटली तिच्या अंगाच्या उबेने कोमट झाली होती. आतलं पाणी स्वच्छ पिवळं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी काम चोख केलं होतं. सोबत चिठ्ठी होती. पोट लाकडासारखं कडक आहे, आतडं किंवा जठर फुटलं असावं अशी शंका आहे, संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही तर पोट उघडावं लागेल, असं त्यात होतं.

मी चिठ्ठी डॉक्टरांकडे पाठवली आणि नळ्या मांडायला घेतल्या. म्हातारीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी इथंच बसते. मला पाहायचंय."

"बसा. पण जरा मागे, आई. आणि मी काम करत असेपर्यंत या नळ्यांवर बोलायचं नाही. थुंकीचा कण उडाला तरी सगळं बिघडतं."

तिने स्टूल मागे ओढलं आणि क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे सोवळं आहे तुझं," ती म्हणाली.

"तसंच समजा."

ती हसली नाही, पण पदराचा शेव तोंडाशी धरून बसली. मी माझं आडनाव सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं. पण माझ्या बोलण्यावरून, टेबलामागच्या भिंतीवर लावलेल्या बुद्धाच्या छोट्या तसबिरीवरून तिला कळलंच असणार. मी पाण्याचं विचारलं. तिने तांब्यावर हात ठेवला. "घरून घेऊन निघाले मी." मी पुन्हा विचारलं नाही.

दोन ओळी लावल्या. वरची माझी, खालची तिच्या सुनेची. नळ्या कोमट पाण्याच्या भांड्यात गेल्या. खाली स्पिरिटचा दिवा, वर थर्मामीटर. आता अर्धा तास दोघींनाही काही काम नव्हतं.

"घरात महालक्ष्म्या उभ्या आहेत," ती मध्येच म्हणाली. "आज विसर्जन. आणि मी इथं."

"घरी कोणी आहे ना करायला?"

"जाऊबाई आहेत." नंतर ती बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, त्या भांड्याशी बोलल्यासारखी. "अक्षयतृतीयेला पितरांचं पान होतं. तिला सकाळपासून दुखून राहिलं होतं. मी म्हटलं, सणावाराच्या दिवशीच कसं गं तुझं पोट दुखते? उठ. उठली. एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं लाटत होती. कशी लाटली असेल? चाळीसेक पोळ्या लाटल्या. घामानं पोळपाट ओला झाला. मग न्हाणीत जाऊन पडली." ती थांबली. "नंतर तूही दोनदा लिहून दिलं ना, काही नाही म्हणून?"

"हो. दोनदा."

"मग मी काय समजायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला जड गेलं. मी म्हटलं, "तुमची एकटीची चूक नाही ती. तुमची सून आमच्याकडे पोचायची तेव्हा रक्तातलं उतरून गेलेलं असायचं. मी विचारलं नाही, कितवा दिवस आहे म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यासारख्या पोरीने असं कबूल करावं, हे तिला नवीन असावं. "अस्सं," एवढंच म्हणाली.

अर्धा तास झाला. मी नळ्या बाहेर काढून लाकडी घोडीत लावल्या आणि तपकिरी बाटलीतून आयोडीन घेतलं. आधी माझी ओळ. पहिलीत फिकट, दुसरीत जांभळट, तिसरीपासून गर्द निळं, शेवटपर्यंत.

"हे माझं," मी म्हटलं. "चांगल्या माणसाचं असं दिसतं."

मग खालची ओळ. पहिलीत थेंब पडला आणि नुसता पिवळा विरघळून गेला. दुसरीत तसंच. तिसरी. चौथी. पाचवी. मी थांबून मनगट टेबलावर टेकवलं. सहावी, सातवी. आठवीत कुठे जरा तांबूस झाक आली. नववीत निळं दिसलं.

म्हातारी उठून उभी राहिली होती. जवळ आली नाही, लांबूनच मान पुढे करून पाहत होती. "हे खालचं काहून निळं होत नाही?"

"तिच्या रक्तात तो पदार्थ फार चढलाय, आई. खळ शिल्लकच ठेवली नाही त्यानं. माझ्यापेक्षा कितीतरी पट आहे."

"म्हणजे दुखते तिला."

"फार दुखतंय. सहन होण्यासारखं नाही ते."

तिने तोंडावरचा पदर डोळ्यांवर नेला. आवाज न करता रडली. मी कागद लिहीत होते, तर तिने पुढे होऊन माझं मनगट धरलं, लेखणीसकट. तांब्यातलं पाणी जपून आणणारी तीच बाई, आणि हा तिचाच हात. दोन्ही खरं होतं. मी मनगट तसंच राहू दिलं. कागदावर शाईचा डाग पडला, मग तो कागद बाजूला ठेवून मी दुसरा लिहिला.

डॉक्टरांनी दोन्ही ओळी स्वतः उजेडात धरून पाहिल्या. मला एकच प्रश्न विचारला, "कापूस?" मी होकाराची मान हलवली. त्यांनी अकोल्याला ट्रंककॉल लावला. तो लागायला पाऊण तास गेला आणि तेवढा वेळ ते फोनजवळून उठले नाहीत. अकोल्याच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, की जठर फुटलं तरी हा आकडा थोडा चढतो, पण इतका नाही. घाईने पोट उघडू नका. तोंडातून पाण्याचा थेंबही देऊ नका, सलाईन चालू ठेवा, नाकातून नळी घालून पोट रिकामं करा, दुखणं कमी व्हायचं औषध द्या आणि वाट पाहा.

म्हातारी चारच्या एस.टी.ने परत गेली. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले होते. गाडीत चढताना तिने विचारलं, "बरी होईल ना?" मला खोटं बोलता आलं नाही. या आजारात माणसं जातातही, हे मला माहीत होतं. म्हटलं, "डॉक्टरांना कळलंय आता काय आहे ते. पहिल्यासारखं अंधारात नाही."

सून वाचली. नऊ दिवस सलाईनवर होती. नंतर कळलं की पित्ताशयात खडे होते आणि तेच घसरून स्वादुपिंडाची वाट अडवत होते. थंडीच्या दिवसांत नागपूरला शस्त्रक्रिया करून पित्ताशय काढलं. त्यानंतर तिला कळ आली नाही.

आमच्या दवाखान्यात तपासणीच्या कागदावर एक रकाना वाढला. दुखणं कधी सुरू झालं? तो मी पट्टीने आखायची, छापील कागद बऱ्याच उशिरा आले. भातकुलीहून, वरुडकडून डॉक्टर लोक बाटल्या पाठवायला लागले. सगळ्यांचं चांगलं झालं असं नाही. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागवानाचं रक्त वेळेवर आलं, ओळ दहाव्या नळीपर्यंत कोरी राहिली, आजार अचूक कळला आणि तरीही तो तिसऱ्या दिवशी गेला. त्याचा भाऊ रिकामी बाटली परत न्यायला आला होता. ती मी धुऊन त्याला दिली.

चार-पाच वर्षांनी मला अकोल्याच्या एका दवाखान्यात जागा मिळाली आणि मी आईजवळ राहायला गेले. एक दिवस दुपारी ती वकिलाची बायको प्रयोगशाळेच्या दारात उभी. अंगाने भरली होती, मी पटकन ओळखलंच नाही. काही तपासायचं नव्हतं. सहज आली होती, मी इथे आल्याचं कोणीतरी सांगितलं म्हणून. चहा घेतला आम्ही. माझ्या घरचं विचारलं, माझं लग्न ठरलं होतं ते ऐकून खूश झाली.

सासूबाईंचं विचारलं, तर म्हणाली, "गेल्या पौषात गेल्या. हाडांचा काहीतरी आजार होता, पाच महिने अंथरुणात."

"फार त्रास झाला?"

"झाला. कण्हायच्या. रागवायच्याही, वेळी-अवेळी हाक मारायच्या. धाकटे दीर म्हणायचे, आईला सवयच लागली आहे हाका मारायची." तिने बशीतला राहिलेला घोट संपवला. "मी दर वेळी उठायची. कुठं दुखते एवढंच विचारायची. त्या दाखवायच्या, मी तिथं शेकायची. खरंच दुखते का, हे काही मी त्यांना विचारलं नाही."

मग शाळा सुटायची वेळ झाली म्हणून ती उठली. मुलांना घ्यायला जायचं होतं.